च्वानचौमध्ये नववा अवतार

बुधवार

दरवर्षी मार्चमध्ये चीनच्या शियामेन शहरात दगडांचं मोठं प्रदर्शन भरतं. ग्रॅनाइट, संगमरवर, कटर, पॉलिशचं सामान, सगळं एका छपराखाली. आपल्याकडचे व्यापारी येतात, ब्लॉकचे भाव ठरवतात आणि परतीचं विमान पकडतात. आम्ही दोघं यंदा मागे थांबलो, कारण वेगवान रेल्वेने तासाच्या आत च्वानचौ आहे आणि तिथल्या एका बौद्ध मठात कृष्णाचे खांब आहेत असं बरीच वर्षं ऐकत होतो.

सोबती नागपूरचा. त्याचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. मी सोलापूरकडचा, घरात तुळशीची माळ आणि आषाढीची वारी. धंद्यात आमचं कधी वाजलं नाही. वाजतं ते एकाच गोष्टीवर: बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार की नाही. आमच्याकडे जुन्या छापील पंचांगांत दशावतारांच्या चित्रात नवव्या जागी चक्क विठोबा उभा असतो, कंबरेवर हात ठेवून. संतांनीही त्याला बौद्ध अवतार म्हटलंय. मला त्यात मोठं मन दिसतं. त्याला बावीस प्रतिज्ञांतली पाचवी आठवते. बुद्ध विष्णूचा अवतार हे मी मानणार नाही, असं तिथे साफ सांगितलंय.

गाडीत हाच विषय निघाला आणि च्वानचौ स्टेशन आलं तरी संपला नव्हता. संध्याकाळी गल्लीत ‘म्येनश्येनहू’ खाल्लं. केसासारख्या बारीक शेवयांची दाट पेज, वरून हवं ते घालतात. माझ्या वाटीत फक्त तळलेली पोळी, त्याच्या वाटीत समुद्रातलं जे जे दिसलं ते.

गुरुवार

काय्युआन मठ. स्थापना ६८६ सालची. दंतकथा अशी की इथे एका जमीनदाराची तुतीची बाग होती. भिक्षूने जागा मागितली, तर हा म्हणाला, तुतीला कमळं आली तर देईन. आली. पाखंडी माणसाची अट चमत्काराने पुरी करायची, ही गोष्ट आपल्याकडे कुठल्याही क्षेत्राच्या माहात्म्यात शोभली असती. ते तुतीचं झाड म्हणून एक फाटलेलं, आधार दिलेलं खोड अजून दाखवतात.

आत शिरताना दारावर एक जोडओळ आहे: ही भूमी पूर्वी बुद्धाचा देश म्हणवे, रस्त्यारस्त्यांत इथे संतच भेटत. ओळ झू शी या कन्फ्यूशियसपंथी पंडिताची मानतात आणि अक्षर विसाव्या शतकातल्या होंगयी या बौद्ध भिक्षूचं.

दोन बाजूंना दोन दगडी मनोरे. पूर्वेचा ४८ मीटर, पश्चिमेचा ४५. दोन्ही तेराव्या शतकातले, पश्चिमेचा १२२८ ते १२३७ आणि पूर्वेचा १२३८ ते १२५० या काळात पुरा झालेला. लाकडात करायच्या जोडण्या यांनी ग्रॅनाइटात केल्यात. धंद्यातला माणूस इथे मुकाट्याने तासभर उभा राहतो, आम्हीही राहिलो. पश्चिम मनोऱ्यावर तलवार घेतलेला एक वानर कोरला आहे. ह्युएन त्सांगच्या भारतप्रवासाच्या लोककथांत त्याच्यासोबत जो वानर असतो, तोच हा असं इथे सांगतात. त्याच्यामागे आपला मारुती आहे की नाही यावर विद्वानांची भांडणं चालू आहेत. मी मारुतीच्या बाजूने, हे सांगायला नकोच.

मुख्य मंडपात पाच बुद्ध एका ओळीत. नागपूरकराने बूट काढले, पंचांग प्रणाम केला, त्रिशरण म्हटलं. शेजारच्या बाईंनी कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं आणि आपली उदबत्तीची जुडी त्याच्यापुढे धरली. तो हात जोडून नाही म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणतो, “पाय ना, सगळे मागून राहिले. पोराची परीक्षा, घर, दुकान. बुद्धाला नवस काहून बोलायचा बे? त्याने रस्ता दाखवला, चालायचं आपण.” मी म्हटलं, महायानात बोधिसत्त्व मदतीला थांबलेले असतात, हा तुमच्याच घरातला मामला आहे. तो म्हणाला, “आमच्या घरातला नाही, शेजारच्या घरातला.”

या मंडपाला फेरी घालायला निघालं की चौथऱ्याकडे लक्ष जातं. हिरवट काळ्या दगडाच्या ७३ पट्ट्या, त्यावर सिंह आणि माणसाच्या तोंडाचे सिंह. वरचं बांधकाम चिनी, पायथा मात्र सरळ तमिळ देवळाचा. आणि मागच्या ओसरीत ते दोन खांब. सोळा पैलू, मध्ये चौकोनी गाळे आणि गाळ्यांत गोल चौकटीतली चित्रं. झाडावर बसलेला कृष्ण, खाली वस्त्रं मागणाऱ्या गोपी. दोन झाडांच्या मधून उखळ ओढणारं बाळ. मांडीवर हिरण्यकशिपू घेतलेला नरसिंह. गजेंद्रमोक्ष. एकाही चित्राखाली पाटी नसती तरी सोलापूरच्या कुठल्याही आजीने गोष्ट घडाघडा सांगितली असती.

कारागिरी मात्र पाहण्यासारखी आहे. मूर्तीच्या मुद्रा, आयुधं, बसण्याची ढब दक्षिणेची, पण फुलं आणि कपड्यांच्या चुण्या चिनी हाताच्या. दगड स्थानिक. म्हणजे नमुना समुद्रापलीकडून आला आणि छिन्नी इथल्याच पाथरवटाने चालवली. त्याला नरसिंह कोण हे ठाऊक असेल का? मला वाटतं, नसेल. पण पोट फाडलेलं त्याने बरोबर दाखवलंय.

हे खांब मुळात या मठाचे नाहीत. मंगोलांनंतरच्या मिंग राजवटीत मठाची डागडुजी झाली तेव्हा, इथे राहणाऱ्या तमिळ व्यापाऱ्यांच्या पडलेल्या हिंदू देवळाचे दगड उचलून बसवले गेले. नागपूरकर दोन पावलं मागे उभा राहून सगळं बघत होता. मग म्हणाला, “तुमचा कृष्ण आमच्या ओसरीत उभा आहे. भाडं मागितलं का आम्ही?”

शुक्रवार

दिवस संग्रहालयात गेला. १९५९ साली सुरू झालेलं हे सागरी इतिहासाचं संग्रहालय. १९७४ मध्ये खाडीच्या चिखलातून निघालेलं सोंगकाळातलं (दहावं ते तेरावं शतक) जहाज हे त्याचं मुख्य आकर्षण. त्यात सुगंधी लाकूड आणि मिरी भरलेली सापडली. आम्हाला ओढ होती ती धर्मशिळांच्या दालनाची. अरबी कबरी, ख्रिस्ती क्रूसाखाली कमळ आणि दोन बाजूंना पंख असलेल्या अप्सरा, आणि मग हिंदू विभाग. चार हातांचा उभा विष्णू. शिवलिंगावर सोंडेने फूल वाहणारा हत्ती. लिंगावर पान्हा सोडणारी गाय.

हे दगड जमले कसे, ती गोष्ट मला सगळ्यांत आवडली. युआन, म्हणजे मंगोल राजवटीच्या अखेरीला, १३५७ ते १३६६ या दहा वर्षांत, च्वानचौमध्ये परदेशी फौजेचं बंड झालं. ते मोडताना परदेशी वस्ती आणि त्यांची देवळं भुईसपाट झाली. दगड शहराच्या तटात गेले. विसाव्या शतकात तट पाडायला घेतले तसे ते पुन्हा बाहेर येऊ लागले. वू वेनल्यांग नावाचे शाळामास्तर, विषय जीवशास्त्र, स्वतःच्या पगारातून ते विकत घ्यायला लागले. पाथरवट ते फोडून विकणार, त्याच्या आत हे पोचणार. पुढे त्यांनी सगळा संग्रह देऊन टाकला. जुना दगड ओळखणारा आणि तो न फोडणारा माणूस किती दुर्मीळ, हे धंद्यात राहून आम्हाला चांगलं कळतं.

मग तो तमिळ शिलालेख. १९५६ साली शहरात सापडलेला. (“आमचंच साल,” इति नागपूरकर.) शके १२०३, चैत्र पौर्णिमा, म्हणजे इसवी सन १२८१. संबंध पेरुमाळ नावाच्या माणसाने शिवाची प्रतिष्ठापना केली, मंगोल खानाच्या कल्याणासाठी, त्याच्याच परवान्याने. शेवटी एक ओळ चिनी. तिकडे चोळांचं राज्य नुकतंच संपलेलं, इकडे चीनमध्ये कुबलाई खान. आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराव यादव, आणि ज्ञानेश्वरी व्हायला अजून नऊ वर्षं अवकाश.

आता याच १२८१ ची दुसरी बाजू. त्याच साली त्याच कुबलाईने हुकूम काढला की ताओ पंथाचे ग्रंथ जाळून टाका, एक ‘ताओ ते चिंग’ हा त्यांचा मूळ ग्रंथ सोडून. बौद्ध आणि ताओवाद्यांचं भांडण जुनं होतं. ताओवाद्यांचं म्हणणं असं की त्यांचा आद्य गुरू लाओत्से म्हातारपणी पश्चिमेकडे निघून गेला तो थेट भारतात पोचला, आणि तिथल्या लोकांना सुधारायला त्यानेच बुद्धाचं रूप घेतलं किंवा बुद्धाला शिकवलं. यावर तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास एक ग्रंथच रचला गेला. बौद्ध शतकानुशतकं चिडत राहिले. त्यांनी उलट गोष्टी रचल्या, त्यांत लाओत्सेच बुद्धाने पाठवलेला शिष्य. शेवटी १२५८ मध्ये कुबलाईसमोर वाद झाला, त्यात ताओवादी हरले, आणि पुढे ग्रंथांची होळी.

हे वाचून दाखवल्यावर नागपूरकर दालनातल्या बाकावर बसून इतका हसला की पहारेकरी आला. “म्हणजे तिकडे विष्णूने बुद्ध गिळला, इकडे लाओत्सेने. बुद्धाचं नशीबच तसं!”

मी मात्र जेवताना विचारात पडलो. मला आजवर अवतार म्हणणं म्हणजे आपलंसं करणं वाटायचं. पण चिनी गोष्ट दुसऱ्याची, म्हणून तिच्यातली मेख लगेच दिसते. तुमचा गुरू थोर आहे, कारण तो मुळात आमचाच आहे. यात ‘थोर’ पेक्षा ‘आमचा’ वर जोर. पुराणांतही बुद्धावतार येतो तो बहुतेक ठिकाणी असुरांना मोहात पाडून वेदांपासून दूर नेण्यासाठी. हा मोठ्या मनाचा पुरावा म्हणून दाखवायला जरा अवघड आहे. विठोबाचं मला वेगळं वाटतं, कारण विठोबा कुणाला फसवायला आलेला नाही, तो नुसता उभा आहे. यावर नागपूरकर म्हणाला, “विठोबाबद्दल मी काही बोललो का?”

शनिवार

छिंगयुआन डोंगर. पायथ्याशीच लाओत्से बसलेत. एका नैसर्गिक खडकातून सोंगकाळात कोरलेले, ५.६३ मीटर उंच, लांब कान, गालावर हसू, एक हात गुडघ्यावर. पूर्वी यांच्याभोवती ताओ मंदिर होतं, ते गेलं आणि म्हातारबुवा उघड्यावर आले. त्यांना ते जास्त शोभतं. भोवती पांगारे फुललेले. हे या शहराचं मानाचं झाड, आणि आपल्या कोकणातल्या कुंपणावरचंही.

इथली म्हण अशी: नाकाला हात लागला तर एकशेवीस वर्षं जगाल, डोळ्याला लागला तर एकशेसाठ. आता कठडा असल्याने कुणी चढत नाही. पण या एका म्हणीत ताओ धर्माचं वेगळेपण जितकं कळतं तितकं मोठ्या व्याख्येत कळत नाही. हिंदूला जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचंय, बौद्धाला तृष्णा विझवायचीय, आणि ताओवाद्याला मुळात हे शरीर टिकवायचंय. श्वास, आहार, औषधी, ध्यान, सगळं त्यासाठी. पुनर्जन्म त्यांच्याकडे मुळात नव्हता. कर्म, नरक आणि पुढचा जन्म हे त्यांनी बौद्धांकडून उचललं. त्यांची स्वतःची कल्पना वेगळी होती: पूर्वजांच्या चुकांचं ओझं पुढच्या पिढ्यांवर चढत जातं. आपल्याकडचा पितृदोष जवळचा वाटतो, पण आपल्याकडे माझं कर्म माझ्याच मागे लागतं ही गोष्ट जास्त पक्की.

आणि माझ्यात-त्याच्यात खरी दरी आहे ती इथेच. पुनर्जन्म आम्हा दोघांच्याही परंपरेत आहे म्हणायचं, तर पुढच्या जन्मी जातं कोण? मी म्हणतो आत्मा. बुद्ध म्हणतो असा काही न बदलणारा आत्मा नाहीच, एका ज्योतीवरून दुसरी ज्योत लागावी तसं चालू राहतं. आणि नागपूरकर तर म्हणतो, बाबासाहेबांनी ते जन्माचं प्रकरण असं लावलंय की माणूस तोच परत येत नाही, मूलद्रव्यं परत येतात. तीन उत्तरं, आणि एकाच शब्दाखाली नांदतात. “सगळे धर्म शेवटी एकच” म्हणणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या काकांना या पायऱ्यांवर आणून बसवलं पाहिजे.

वर चढत गेलं की होंगयी भिक्षूंच्या अस्थींचा स्तूप लागतो. आधीचं नाव ली शूथोंग. चित्रकार, संगीतकार, नट. मग एकाएकी संसार सोडून भिक्षू, तेही विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे नियम अक्षरशः पाळणारे. १९४२ मध्ये याच शहरात वारले. मरणाआधी चार अक्षरं लिहिली, दुःख आणि आनंद एकत्र मिसळलेत अशा अर्थाची. ती खडकावर कोरली आहेत. नागपूरकर इथे बराच वेळ बसला. मी खाली जाऊन पाण्याच्या बाटल्या आणल्या.

संध्याकाळी शहरात ग्वान यूच्या देवळात. हा मूळचा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला सेनापती. कन्फ्यूशियसवाल्यांना तो निष्ठेचा आदर्श, ताओवाद्यांना सम्राटदेव, बौद्धांनी मठाचा राखणदार केलेला. व्यापाऱ्यांना तो हिशेबाचा देव, म्हणून आम्हीही हात जोडले. गर्दी केवढी! लोक गुडघ्यावर बसून लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे जमिनीवर टाकतात. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आलं की देवाचा होकार. कोकणात, गोव्यात देवीला फुलं लावून कौल घेतात, तोच कारभार. आमच्या सोबतच्या दुभाष्या मुलीने नोकरी बदलू का असं विचारलं. नकार आला. तिने पुन्हा टाकले.

रविवार

दिवसभर गावं. सकाळी थ्येनहौ मंदिर, स्थापना ११९६. देवी मात्सू. ही दहाव्या शतकातली मेइचौ बेटावरची मुलगी, बुडणाऱ्या नावाड्यांना वाचवणारी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असताना गेली. पुढे एकामागून एक बादशहा तिला पदव्या देत गेले, आणि सरकारी बढत्या घेत ती स्वर्गाची राणी झाली. आपला देव खाली उतरून माणूस होतो, इथे माणूस पायऱ्या चढून देव होतो, आणि वर पोचल्यावरही त्याला हुद्दा, दप्तर, वरिष्ठ सगळं असतं. बुद्धाला या दोन्ही वाटांत रस नव्हता, अशी पुरवणी सोबत्याने लगेच जोडली. मागच्या दालनात जुन्या हिंदू घडणीचे दोन खांब इथेही आहेत. शहरभर असंच आहे.

मग टॅक्सीने छतिएन. घरांच्या मधोमध एक लहानसं देऊळ, आत दगडी शिळा. मांडी घातलेली चार हातांची देवी, पायाखाली राक्षस, दोन बाजूंना सेविका. तिच्याकडे पाहून मी “आई” म्हणालो ते विचार करून नाही. काली किंवा दुर्गेच्या परिवारातली, हे कुणीही सांगेल. गावातले लोक तिला ग्वानयिन म्हणतात, करुणेची बोधिसत्त्व. रोज उदबत्ती, फळं, सणाला नैवेद्य.

ग्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, चीनमध्ये येऊन बाई झालेला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ धरून उभा आहे तो पद्मपाणी. आणि औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आठ संकटांतून भक्तांना सोडवणारा, त्यातलं एक संकट फुटणाऱ्या जहाजाचं. ते चित्र नागपूरकराला तोंडपाठ; शिळेसमोर उभा राहून त्याने मला आठही संकटं मोजून दाखवली. म्हणजे आमच्याच डोंगरातून निघालेला पुरुष आणि तमिळ व्यापाऱ्यांची देवी, दोघं या गावात एकाच दगडात येऊन राहिलेत.

देवळाची राखण करणाऱ्या आजींनी दुभाष्या मुलीकरवी विचारलं, ही तुमच्याकडे आहे का? नागपूरकर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “याच्या घरी आहे. पण तिथे ती फार तापट आहे.” आजी म्हणाल्या, इथे शांत असते, सगळं ऐकून घेते.

शुक्रवारच्या वादाचं उत्तर मला या गावात थोडंफार सापडलं. तिकडे लाओत्सेचा बुद्ध करणारे पंडित होते, त्यांना वाद जिंकायचा होता. इथे कुणाला काही सिद्ध करायचं नाही. मालक निघून गेलेली देवी दारात पडलेली होती, गावाने आत घेतली, आपल्या आजीचं नाव दिलं. फरक असा की इथे देवीचे जुने भक्त उरलेलेच नव्हते, म्हणून हरकत घ्यायलाही कुणी नव्हतं. ते असते, आणि म्हणाले असते की ही ग्वानयिन नव्हे, तर गावाने काय केलं असतं? मी हे बोलून दाखवलं. सोबती म्हणाला, “तेच तं सांगतो. आम्ही उरलो आहे. आम्हाला विचारा.”

परतताना त्साओआनला धावती भेट. मानी या इराणी प्रेषिताच्या पंथाचं देऊळ, १३३९ सालची त्याची मूर्ती, हा दाढीवाला इथे बुद्ध म्हणून पुजला जातो. एका दिवसाला एवढं पुरे होतं.

सोमवार

च्वानचौजवळच्या ह्वेइआनला धंद्याचं काम. सगळं गाव दगड कोरतं. ज्या कारखान्यात गेलो तिथे आवारात ग्वानयिन, पोट सुटलेला हसरा बुद्ध, लाओत्से, जपानला जाणारे दीप, आणि कोपऱ्यात प्लास्टिक गुंडाळलेले दोन गणपती. ढोबळ काम यंत्र करतं, तोंड आणि हात अजून माणूसच करतो. भाव दगडावर आणि दिवसांवर, देवावर नाही.

नागपूरकराला त्याच्या वस्तीतल्या विहारासाठी उभी बुद्धमूर्ती हवी होती. कारागिराने नमुना दाखवला: गोल चेहरा, जड पापण्या, छातीवर स्वस्तिक. याने फोनवर सारनाथ आणि अजिंठ्याचे फोटो काढले. चेहरा असा लांबट पाहिजे, डोळे अर्धे उघडे, छातीवर काही नको. कारागीर म्हणाला, स्वस्तिक नसलं तर आमच्या माणसांना तो बुद्ध वाटणार नाही. हा म्हणाला, असलं तर आमच्या माणसांना वाटणार नाही. तासभर ओढाताण झाली. शेवटी चेहऱ्याचा मातीचा नमुना आधी करून फोटो पाठवायचा, पसंत पडला तरच दगडाला हात लावायचा असं ठरलं. दगड मात्र आमच्याकडचाच काळा ग्रॅनाइट, जो आम्ही मागच्याच खेपेला यांना विकला होता. त्याचं येण्याजाण्याचं भाडं कुणी भरायचं यावर अजून बोलणी चालू आहेत.